बंद पडलेल्या कन्सोलचे निदान

टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत कोट्यवधी घरांत पोहोचलेली ही यंत्रे आता तीस-चाळीस वर्षांची झाली असल्यामुळे त्यांचे बंद पडणे ही अपघाताची नव्हे, तर वयोमानाची बाब ठरली आहे. असा कन्सोल एके दिवशी सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन पडद्यावर नुसता करडा रंग दाखवतो, तेव्हा ‘तो गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो आणि यंत्र माळ्यावर किंवा भंगारात जाते. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण जुन्या कन्सोलमध्ये सर्वांत गुंतागुंतीचा भाग सर्वांत शेवटी बिघडतो आणि सर्वांत साधे भाग आधी थकतात.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेला फॅमिकॉम, आणि मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली घडलेल्या याच यंत्राचे अमेरिकेत १९८५ पासून विकले गेलेले ‘निन्टेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम’ किंवा एनईएस हे रूप, यांच्यावरून ही गोष्ट नीट समजते. दोन्ही रूपे मिळून सहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. रिको कंपनीने बनवलेली त्यांची मुख्य चिप त्या काळच्या घरगुती संगणकांत वापरल्या जाणाऱ्या ६५०२ या प्रक्रियकावर आधारलेली होती आणि तिच्या दिमतीला अवघी दोन किलोबाइट कार्यस्मृती होती. सिलिकॉनच्या अशा चिपमध्ये हलणारा, वाळणारा किंवा झिजणारा भाग नसल्यामुळे ती दशकानुदशके टिकू शकते. झिजतात ते तिच्या भोवतालचे धातूचे संपर्क, वायर, रबर आणि प्लास्टिक, तसेच वीज साठवणारे लहान सुटे भाग, आणि यांतील जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो.

एनईएसचा सर्वांत प्रसिद्ध बिघाड म्हणजे लुकलुकणारा लाल दिवा. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ या शब्दालाच बिचकत होते. त्यामुळे निन्टेंडोने अमेरिकी यंत्राला व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरसारखे रूप दिले, म्हणजे गेमची कॅसेट वरून न खोचता समोरच्या झडपेतून आत सरकवायची आणि मग खाली दाबायची. या दाबण्याने आतल्या ७२ पिनांच्या कनेक्टरमधील धातूच्या पट्ट्या प्रत्येक वेळी थोड्या वाकतात आणि काही वर्षांनी त्यांची स्प्रिंगसारखी ताकद कमी होऊन कॅसेटशी होणारा स्पर्श अपुरा पडतो. त्यात पुन्हा नक्कल केलेल्या कॅसेट चालू नयेत म्हणून कन्सोलमध्ये आणि प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये एकमेकींना ओळखणाऱ्या पहारेकरी चिपा बसवल्या होत्या. त्यांचा संवाद तुटला की कन्सोलमधील चिप मुख्य प्रक्रियकाला साधारण दर सेकंदाला एकदा पुन्हा आरंभाला नेते, आणि दिव्याचे लुकलुकणे ही त्या पुनरारंभाचीच खूण असते. ज्याला यंत्राचा मृत्यू समजले जाते, तो वस्तुतः अनेकदा एखाद्या पिनेचा सैल स्पर्श असतो.

या सैल स्पर्शावर जगभरातील मुलांनी शोधलेला उपाय म्हणजे कॅसेट काढून तिच्या कडेवर फुंकर मारणे, आणि महाराष्ट्रात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांवर खेळलेल्या पिढीलाही तो चांगलाच परिचित आहे. फुंकरीने गेम चालू झाल्यासारखा वाटतो, याचे मुख्य कारण असे की कॅसेट बाहेर काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना थोड्या वेगळ्या जागी टेकतात आणि स्पर्श जुळून येतो. श्वासातील ओलावा मात्र धातूवर राहतो आणि हळूहळू गंज चढवतो, म्हणूनच निन्टेंडोने स्वतः फुंकर न मारण्याची सूचना दिली होती. योग्य उपाय अधिक शांत आहे: ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी किंचित भिजवून कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या पुसाव्यात, काडीवर काळेपणा येणे थांबेपर्यंत काड्या बदलाव्यात आणि पट्ट्या पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी. दुरुस्तीच्या दुकानांत यासाठी खोडरबर वापरण्याचीही पद्धत आहे. तिने चमक लगेच येते, परंतु पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असल्याने हा उपाय वारंवार करणे घातक ठरते. कनेक्टरच मळला असेल तर तो सुटा करून काही मिनिटे पाण्यात उकळून, मग संपूर्ण वाळवून परत बसवण्याचा विचित्र वाटणारा उपाय पुष्कळ जाणकार करतात आणि त्याचा गुण येतो. बाजारात मिळणारे नवे कनेक्टर काम भागवतात, पण त्यांतले काही कॅसेटला इतके घट्ट धरतात की पट्ट्या खरवडल्या जातात, म्हणून मूळ भाग वाचवण्याचा प्रयत्न आधी करणे केव्हाही श्रेयस्कर.

निदानात त्याहून आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे वीज. अमेरिकेतील घरांत १२० व्होल्टचा, जपानमध्ये १०० व्होल्टचा आणि भारतात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. त्यामुळे परदेशी राहिलेल्या मराठी कुटुंबाने तिकडून आणलेला जुना कन्सोल थेट भिंतीतील सॉकेटला जोडला, तर त्याचा ॲडॉप्टर जळतो. कन्सोल स्वतः अशा वेळी पुष्कळदा वाचलेला असतो आणि योग्य ॲडॉप्टर मिळताच चालू होतो, ही माहिती अनेकांना नसल्याने सुस्थितीतील यंत्रे फेकली जातात. फॅमिकॉमच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. अमेरिकी एनईएसचा ॲडॉप्टर प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा प्रवाह देतो आणि त्याला एका दिशेत आणण्याची सोय एनईएसच्या आत आहे. फॅमिकॉमला मात्र १० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो, आणि तोही प्लगच्या मध्यभागी ऋण टोक असलेला. बाह्य आकार सारखा दिसला म्हणून एकाचा ॲडॉप्टर दुसऱ्याला जोडणे हे फॅमिकॉम कायमचा गमावण्याच्या मोजक्या मार्गांपैकी एक आहे.

टीव्हीकडेही संशयाने पाहिले पाहिजे. हे कन्सोल काचेच्या नळीच्या जाडजूड टीव्हीसाठी बनलेले होते. त्यांतले बरेच ॲन्टेनाच्या तारेतून एखाद्या वाहिनीसारखा संकेत पाठवतात आणि सपाट पडद्याचे काही टीव्ही तो संकेत स्वीकारत नाहीत किंवा चुकीचा वाचतात. पडद्यावरील बदकांवर नेम धरण्याची बंदूक तर सपाट टीव्हीवर चालतच नाही, कारण जुन्या नळीत चित्र ज्या क्षणी आणि ज्या रीतीने उजळत असे, त्या वेळेच्या गणितावरच ती अवलंबून आहे. अशी बंदूक बिघडलेली नसते. तिच्यासाठी लागणारा टीव्ही घरातून गेलेला असतो.

खरोखर अंतर्गत असलेल्या बिघाडांत कपॅसिटरचा क्रमांक पहिला लागतो. दुरुस्तीच्या दुकानात ज्याला कंडेन्सर म्हणतात तो हा लहान नळकांड्यासारखा भाग वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह सुरळीत करतो. त्याच्या आत ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि विद्युतवाहक द्रवात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. हा द्रव वर्षानुवर्षे वाळतो किंवा गळतो. त्याचे आयुष्य उष्णतेवर अवलंबून असते आणि तापमान दहा अंशांनी कमी राहिले तर ते साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. सेगा कंपनीचा १९९० चा गेम गिअर हा हातात धरण्याचा कन्सोल या दुखण्यासाठी कुप्रसिद्ध आहे: आवाज क्षीण होतो, चित्र फिकट पडते आणि कालांतराने गळलेला द्रव आतल्या सर्किट बोर्डवरील तांब्याच्या वाटा खाऊन टाकतो. म्हणून गेम गिअर कपाटात नुसता जपून ठेवणे पुरेसे नाही. तो चालू असो वा बंद, त्यातील कपॅसिटर बदलून घेणे हेच त्याचे जतन. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये तर घड्याळाची वेळ काही तास टिकवण्यासाठी बसवलेला एक कपॅसिटर गळून आसपासचा भाग नासवतो, आणि तो नुसता काढून टाकला तरी यंत्र उत्तम चालते, फक्त वीज गेल्यावर तारीख विसरते.

मालकाच्या मनाला सर्वांत जास्त लागणारा बिघाड मात्र कन्सोलचा नसून कॅसेटचा असतो. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या दीर्घ खेळांत खेळाडू कुठवर पोहोचला याची नोंद कॅसेटमधील एका चिपवर राहते. ती चिप वीज मिळत असेपर्यंतच आठवण धरते, म्हणून आत नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा सेल बसवलेला असतो. दहा-वीस वर्षांनी सेल संपतो आणि भावंडांनी सुट्टीभर खेळून मिळवलेले सारे पुसले जाते. १९९९ च्या ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या कॅसेटमध्ये सेलला दिवसरात्र घड्याळही चालवावे लागत असल्याने तो आणखी लवकर संपतो. सेल बदलणे सोपे आहे, पण तो काढताच नोंद जाते. म्हणून आधी कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने ती नोंद संगणकावर उतरवून घ्यावी आणि नवा सेल बसवल्यावर परत भरावी. नव्या सेलवर थेट तापलेले सोल्डरिंग आयर्न टेकवणे धोक्याचे आहे, कारण उष्णतेने तो फुटू शकतो. जोडपट्ट्या आधीच लावलेले सेल त्यासाठीच विकले जातात. जुन्या कॅसेटपैकी निदान आवडत्या कॅसेटमधील नोंदी आजच उतरवून ठेवाव्यात, कारण या एका बिघाडावर मागाहून कोणताही इलाज चालत नाही.

वर मांडलेल्या नियमाला, म्हणजे मेंदू टिकतो आणि कडेचे भाग थकतात याला, मोठा अपवाद २००५ च्या एक्सबॉक्स ३६० चा. त्याच्या दर्शनी भागावर तीन लाल दिवे पेटले की यंत्र थांबत असे, आणि हे इतक्या प्रमाणात घडले की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. चिप तापणे आणि थंड होणे वारंवार घडल्याने तिच्या पोटातील अतिसूक्ष्म जोड तडकत होते, असे कंपनीच्या अभियंत्यांनी पुढे सांगितले. यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवण्याचा उपाय तेव्हा लोकप्रिय झाला होता. त्याने काही दिवस काम चालल्यासारखे दिसते, पण आग लागण्याचा धोका असतो आणि जोड खऱ्या अर्थाने जुळत नाहीत. असा कन्सोल घरी दुरुस्त होत नाही, हे मान्य करणे भाग आहे.

महाराष्ट्रातील वाचकांच्या घरी सापडण्याचा अधिक संभव मात्र फॅमिकॉमच्या नकलेचा आहे. उत्तरकाळातील नकलांत सारी यंत्रणा एकाच चिपमध्ये कोंबून तिच्यावर काळ्या राळेचा थेंब ओतलेला असे. तो भाग निकामी झाला तर दुरुस्ती नाही. परंतु या यंत्रांचे नेहमीचे दुखणे त्याहून खूप साधे असते. रिमोटची, म्हणजे हातात धरण्याच्या नियंत्रकाची वायर तोंडापाशी वाकून आतून तुटलेली असते, किंवा बटणाखालच्या रबरावरील काळा वाहक थर मळलेला असतो. पहिल्यासाठी वायरचा तुटका भाग कापून उरलेली टोके पुन्हा जोडावी लागतात, दुसऱ्यासाठी रबर हलकेच पुसावे लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात, आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही जुना कारागीर हे काम सहज करतो.

मूळ कंपन्यांकडून आता मदतीची अपेक्षा नाही. निन्टेंडोने फॅमिकॉमचे उत्पादन २००३ मध्ये थांबवले आणि सुटे भाग मिळेनासे झाल्याने ऑक्टोबर २००७ अखेर त्याची अधिकृत दुरुस्तीही बंद केली. मूळ प्रक्रियक आणि चित्र काढणारी चिप यांचा साठा आता केवळ इतर बंद यंत्रांतच उरला आहे, त्यामुळे पूर्णपणे निकामी झालेला कन्सोलही भंगारात देऊ नये; त्याच्यातील चांगली चिप काढून दुसऱ्या यंत्रात बसवता येते, आणि दुरुस्ती करणारे अशी यंत्रे मुद्दाम विकत घेऊन ठेवतात.