कुत्र्याचें शिक्षण आणि चेंडूचें बक्षीस

कुत्र्याला कांहीं शिकवावयाचें म्हणजे एका हातांत छडी व दुसऱ्या हातांत बिस्किट घ्यावयाचें, अशी बहुतेक घरांतून समजूत असते. या दोहोंवांचूनहि किती मजल मारतां येते, हें अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना राज्यांत दिसून आलें.

तेथील स्पार्टनबर्ग गांवच्या वॉफर्ड कॉलेजांत मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले जॉन पिली यांनीं २००४ सालीं बॉर्डर कॉली जातीचें एक मादी पिल्लूं पाळलें. तिचें नांव चेसर, म्हणजे पाठलाग करणारी. सुमारें तीन वर्षांत ती १०२२ खेळण्यांचीं नांवें ओळखूं लागली! त्यांत कापडी प्राणी होते, तसे शंभरावर चेंडूहि होते. इतकीं नांवें खुद्द गुरुजींच्याच ध्यानांत राहीनात. प्रत्येक खेळण्यावर शाईनें नांव लिहून ठेवावें लागलें. हा वृत्तांत २०११ सालीं शास्त्रीय नियतकालिकांत छापून आला.

खेळणें दाखवून त्याचें नांव पुनःपुन्हा उच्चारावयाचें, मग तें लपवावयाचें, आणि तिनें शोधून आणलें कीं त्याच खेळण्यानें तिच्याशीं खेळावयाचें, अशी रीत होती. खाऊ दिला जात नसे. कारण खाऊ निघाला कीं कुत्र्याचें लक्ष वस्तूवरून उडून हाताकडे लागतें.

खेळाला एवढें मोल कां? ही जात मूळची इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील धनगरांची. टक लावणें, दबा धरणें, धांवणें हे शिकारीचे अंश तिच्यांत उरले आहेत. हें काम करावयास मिळणें हीच तिची मजुरी. घरंगळणारा चेंडू तिला पळत्या मेंढीच्या ठिकाणीं असतो.

घरोघरीं चूक होते ती येथें. चेंडू दिवसभर पलंगाखालीं पडलेला असतो. मग त्यासाठीं आज्ञा कोण पाळणार? तो एरव्हीं कपाटांत असावा आणि शिकवितांना खिशांत. कुत्रा बसला कीं त्याच क्षणीं चेंडू मिळाला पाहिजे. कपाट उघडीपर्यंत तो उठून भुंकूं लागतो, आणि बक्षीस भुंकण्याला मिळतें. तोंडांतला चेंडू ओढून घेऊं नये. दुसरा तसाच दाखवावा, म्हणजे पहिला आपोआप सुटतो. कुत्र्याची हौस शिल्लक असतांनाच खेळ आवरावा. चेंडू घशांत अडकेल इतका लहान नसावा, हें सांगावयास नकोच.

कांहीं कुत्रे मात्र फेंकलेल्या चेंडूकडे पाहून जांभई देतात. त्यांच्यापुढें हट्ट न धरितां पोळीचा तुकडाच काढावा.