पॉलिश पेपर नंबरवार ठेवा, कोरडा ठेवा

रब्बीची सुगी आटोपली की हाताला थोडी उसंत मिळते. या दिवसांत पुष्कळ घरांतून लेथवर लाकूडकाम चालते. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय, पाळण्याचे खूर, मुलांचे भोवरे अशा वस्तूंना आठवडी बाजारात गिऱ्हाईक असते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांनी तर या कातारकामाचे नाव दूरवर नेले आहे. विजेवरचा लहान लेथ आणि चार चांगल्या पटाश्या असल्या की शेतीला हा जोडधंदा उभा राहू शकतो.

परंतु शेतकरी बंधू-भगिनींनो, या धंद्यात माल नाकारला जातो तो बहुधा आकारामुळे नव्हे, तर ओरखड्यांमुळे. लाटणे कोरे असताना गुळगुळीत दिसते. त्यावर तेलाचा किंवा पॉलिशचा हात फिरला की बारीक रेघा उठून दिसू लागतात. व्यापारी ते लाटणे बाजूला टाकतो किंवा पडेल भावाने मागतो. दोष लाकडाचा नसतो, कारागिराच्या हाताचाही नसतो. पुष्कळदा तो कोपऱ्यात एकत्र कोंबून ठेवलेल्या पॉलिश पेपरचा असतो.

नंबर म्हणजे काय?

पॉलिश पेपरच्या पाठीवर नंबर छापलेला असतो. हा नंबर चाळणीवरून आला आहे. एक इंच लांबीत चाळणीची जितकी भोके, तितका नंबर, असा त्याचा साधा अर्थ. भोके जास्त म्हणजे चाळण बारीक आणि तिच्यातून पडणारा कणही बारीक. म्हणून ८० नंबर जाडा आणि ३२० नंबर बारीक.

लेथवरच्या नेहमीच्या कामाला ८०, १२०, १८०, २२० आणि ३२० हे पाच नंबर पुरतात. पटाशीचा हात साफ असेल तर ८० लागतही नाही. पुढचा नंबर आधीच्या नंबराच्या दीडपटीहून फार मोठा नसावा, हे सूत्र लक्षात ठेवावे. ८० नंतर एकदम २२० घेतला तर जाड्या कणांच्या रेघा तशाच राहतात, आणि बारीक पेपर उगाच झिजतो. प्रत्येक नंबराचे काम एवढेच, की आधीच्या नंबराच्या रेघा पुसायच्या.

एका खड्याने घात

गव्हात हरभऱ्याचा दाणा मिसळला तर निवडून काढता येतो. ३२० नंबरच्या पेपरावर ८० नंबरचा एक कण चिकटला तर तो डोळ्यांना दिसत नाही. लाकूड फिरू लागले की तोच कण सबंध वस्तूभोवती रेघ ओढतो. सगळे पेपर एकाच पेटीत एकमेकांवर घासत राहिले की जाड्या पेपरचे सुटे कण बारीक पेपरावर जाऊन बसतात. म्हणून प्रत्येक नंबराला वेगळी जागा हवी.

मांडणी कशी करावी?

पूर्ण पेपर साधारण ९ इंच रुंद व ११ इंच लांब असतो. प्लायच्या किंवा फळ्यांच्या तुकड्यांची पाच कप्प्यांची लहान मांडणी घरीच करता येते. प्रत्येक कप्पा १० इंच बाय १२ इंच आणि दीड इंच उंच असावा. जाडे नंबर खाली व बारीक वर, म्हणजे गळालेले कण बारीक पेपरावर पडणार नाहीत. कप्प्याच्या तोंडाशी रंगाने ठळक नंबर लिहावा. पेपर आडवे ठेवून वर सपाट फळी ठेवावी, म्हणजे ते गुंडाळत नाहीत.

वापरासाठी एका पेपरचे चार तुकडे करावेत. कापायला पटाशी वापरू नये, तिची धार जाते. पेपर घडी घालून हॅकसॉच्या जुन्या पात्यावर ओढला की सरळ फाटतो. पेपरच्या पाठीवर नंबर मोजक्याच जागी छापलेला असतो. तुकडे केल्यावर एखाद्या तुकड्यावर तो राहतच नाही. म्हणून कापताक्षणीच प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर पेन्सिलीने नंबर लिहावा. बियाण्याच्या पिशवीला आपण चिठ्ठी लावतो, तसेच हे आहे. हे तुकडे नंबरवार बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत ठेवावेत.

तुकड्याची तीन पदरी घडी करावी. या घडीत खरखरीत बाजू खरखरीत बाजूला लागत नाही आणि हातात पेपर घसरतही नाही. एक पदर झिजला की दुसरा बाहेर घ्यावा.

लोखंडाला लावलेला पेपर पुन्हा लाकडाला लावू नये. त्यातील लोखंडाची पूड बाभळीसारख्या लाकडात शिरली की ओल लागताच काळे डाग पडतात. हत्यारे घासण्याचा एमरी पेपर निराळ्या डब्यात असावा.

पावसाळ्यातली काळजी

पेपरावरचे कण सरसाने किंवा राळेसारख्या चिकट द्रव्याने बसवलेले असतात. सरसाचा पेपर दमट हवेत मऊ पडतो आणि कण चुरचुर गळू लागतात. कोकणात व घाटमाथ्यावर तर याची फार काळजी घ्यावी. मृगाआधी सगळे पेपर सावलीत, वाऱ्यावर पसरून कोरडे करावेत. नंबरवार प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता फळीवर ठेवावी. चुलीजवळही नको, कारण फार उष्णतेने कागद कडक होऊन घडीवर मोडतो. चार महिने पुरतील एवढेच पेपर घ्यावेत आणि जुने आधी वापरावेत.

भुशाने भरलेला पेपर लगेच टाकू नये. जुन्या चपलेच्या क्रेप रबराच्या तळव्याचा तुकडा त्यावर घासला की अडकलेला भुसा निघतो. बोटाला खरखर लागेनाशी झाली, की मात्र तो पेपर संपला असे समजावे. १२० नंबरचा पेपर झिजला म्हणून तो २२० नंबरचा होत नाही.

जिवाची काळजी आधी

पेपर लावण्यापूर्वी हत्यार टेकवायची पट्टी काढून घ्यावी. पेपर लाकडाच्या खालच्या अंगाने हलका धरावा, बोटांना कधीही गुंडाळू नये. फिरत्या लाकडाने पेपर ओढला तर बोटही ओढले जाते. पदर, उपरणे, सैल बाह्या व मोकळे केस लेथपासून दूर असावेत. नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे व काम दार-खिडक्या उघड्या ठेवून करावे.

आणखी एक गोष्ट. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून पेपरच्या पेटीत टाकू नयेत. हे तेल वाळताना आपोआप तापते आणि बोळ्याला आग लागू शकते. अशी फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत.

मांडणी करायला एक दुपार पुरते. नंबर लिहिण्याचे व डबे लावण्याचे काम घरातील मोठी मुलेही करतील. एवढ्याने पेपर वाया जाणे थांबेल, आणि बाजारात आपले लाटणे व्यापाऱ्याला बाजूला टाकता येणार नाही.