नवापूरच्या कोंबड्या, मुंबईची गाडी आणि खानदेशातला फ्लू

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एकाच बाकाचं एक टोक आपल्या राज्यात, दुसरं शेजारच्या! लोक हौसेनं तिथं फोटो काढतात. पण १८ फेब्रुवारी २००६ रोजी हे गाव देशभर गाजलं ते वेगळ्याच कारणानं. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्रीत सापडला होता. आज नवापूर नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होतं. म्हणजे हा मान, नकोसा का असेना, खानदेशाचा.

विषाणूला राज्याची सीमा कळत नाही. पलीकडे गुजरातेत, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या उच्छलमध्येही तो निघाला. मग दोन्हीकडे एकच काम सुरू झालं. लागण झालेल्या पोल्ट्रीभोवती तीन किलोमीटरच्या टापूतली एकूण एक कोंबडी मारून खड्ड्यात पुरायची. लाखो पक्षी गेले. मारणारे कर्मचारी डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, शिवाय पोटात फ्लूची प्रतिबंधक गोळी. ताप आलेल्या माणसांना वेगळं ठेवून त्यांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत पाठवले. निकाल काय? एकाही माणसाला बर्ड फ्लू झालेला नव्हता. याचं श्रेय जितकं डॉक्टरांचं, तितकंच डोळ्यांदेखत रिकामी होणारी शेड पाहणाऱ्या पोल्ट्रीवाल्यांचं. त्यांचं कंबरडं मोडलं, तेव्हा बाकीचे वाचले. ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

मार्च उजाडला तसा जळगाव जिल्ह्याचा नंबर लागला. केळीसाठी नावाजलेलं सावदा, शिवाय मारूळ, हातेड. इथं तर मोठ्या पोल्ट्रीत नव्हे, परसातल्या गावरान कोंबड्यांत लागण निघाली. म्हणून आजही चार कोंबड्या एकदम मेल्या तर उघड्या हातानं उचलून उकिरड्यावर फेकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि रश्शाची काळजी नको: ७० अंशांच्या वर नीट शिजवलं की हा विषाणू टिकत नाही. खानदेशी रस्सा तर त्याच्या कितीतरी पुढं उकळतो.

माणसांचा फ्लू मात्र कोंबडीवाचून फिरतो. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं पडले, आणि सप्टेंबरात दुसरी, जीवघेणी लाट आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. तिथून तो देशभर गेला कसा? रेल्वेनं! सरकारचे तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी अहवालात तसं स्पष्ट नोंदवलं. मुंबईहून निघालेली गाडी चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत पुढं जायची, आणि चाळीसगावहून धुळ्याला फाटा होताच. त्यात पाऊस दडी मारून बसलेला, धान्य महाग. १९२१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तसं त्यानंतर आजवर कधी घडलेलं नाही.

आता जरा दाराच्या कडीकडे बघा. स्टील-प्लास्टिकवर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास तग धरतो, कापड-कागदावर ८ ते १२ तास. एसटीचा दांडा पकडून तोच हात नाकाला लावला की झालं काम. साबण मात्र त्याचा काळ! विषाणूभोवती चरबीचं कवच असतं, साबणानं ते फुटतं. साधा धुण्याचा साबणही चालतो.

ताप चढण्याच्या एक दिवस आधीपासूनच माणूस फ्लू वाटत असतो, आणि पुढं पाचेक दिवस. लहान मुलं तर त्याहूनही जास्त दिवस. थंडीत मळ्यावर भरीत पार्टी ठरते, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, पंगत मांडीला मांडी लावून बसते. भाऊसाहेब शिंकत-खोकत वाढायला उभे राहिले तर? विस्तवातून निघालेल्या भरताचा काही दोष नाही, वाढणाऱ्याला घरी बसवा. डबा घरपोच द्या, मान राखला जातो. ताप उतरल्यावर, तोही गोळी न घेता, चोवीस तास गेले की मग या म्हणावं.

आपल्याकडं फ्लू थंडीतला आजार समजतात. खरा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर; थंडीत दुसरी, लहान लाट. लस अंगी लागायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून गर्भवती, म्हातारी माणसं, दमेकरी आणि मधुमेही यांनी ती एप्रिल-मे महिन्यातच घेतलेली बरी, लग्नसराईच्या धावपळीतून वेळ काढून. दरवर्षी नवी, कारण विषाणू रूप पालटतो. जगातल्या बहुतेक फ्लूच्या लसी वाढवतात कशात? कोंबडीच्या अंड्यात!

आणि एक खुशखबर. ‘बी’ फ्लूची यामागाता नावाची एक शाखा होती. कोरोनाच्या काळात जगानं मास्क लावले, अंतर ठेवलं, प्रवास थांबवला. मार्च २०२० नंतर ही शाखा खात्रीनं कुठंच सापडलेली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगून टाकलं, लसीत आता तिची गरज उरली नाही.