फाईलच्या साच्यावर शिक्का कोणाचा?

कर्वेनगरात आमच्या परिचयाचे एक बांधव डीटीपी व झेरॉक्सचे दुकान चालवतात. लग्नपत्रिका, बिलबुके, कोटेशन अशी कामे. २००७ नंतर काही वर्षे त्यांच्याकडे गिऱ्हाईक फाईल घेऊन येई आणि ती उघडतच नसे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ बरोबर फाईलचा साचाच बदलला होता. जुन्या कॉम्प्युटरला तो वाचता येईना. इनपेजची उर्दू फाईल इनपेज नसलेल्या दुकानात नेली की जी गत होते, तीच.

साचा, म्हणजे फॉरमॅट, एकाच कंपनीच्या मुठीत असला की तुमचा हिशेब आणि डिझाईनही तिच्या मुठीत जातात. म्हणून साच्याला आंतरराष्ट्रीय मानक हवे. सरकारी खरेदीतही अशा शिक्क्याला वजन असते.

ओडीएफ नावाच्या खुल्या साच्याला हा शिक्का २००६ मध्ये मिळाला. फुकट मिळणारे ओपनऑफिस तोच वापरत असे. मग मायक्रोसॉफ्टने आपला ओओएक्सएमएल पुढे केला. सहा हजारांहून अधिक पानांचा मसुदा, आणि मंजुरी मागितली झटपट पद्धतीने! आपण साधा भाडेकरार चार वेळा वाचतो.

तेथे प्रत्येक देशाला एक मत. आपले मत ठरवते भारतीय मानक ब्युरोची समिती. आयएसआय मार्क देणारी संस्था ती हीच. सप्टेंबर २००७ मध्ये भारताने ‘नाही’ म्हटले व जगभरच्या मतदानातही प्रस्ताव पडला. दुरुस्त्या झाल्या. मार्च २००८ मध्ये आपल्या समितीत पुन्हा मते पडली: विरोधात १३, बाजूने ५. मुंबईची आयआयटी विरोधात होती. आयबीएम व सन या कंपन्याही विरोधात होत्या, पण त्यांचा माल ओडीएफवर चालत होता, हेही सांगितले पाहिजे. स्वार्थ एकाच पारड्यात नव्हता.

इतरत्र काय घडले? स्वीडनमध्ये मतदानाच्या तोंडावर अनेक कंपन्या एकाएकी समितीत दाखल झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने भागीदार कंपन्यांना बाजूने मत देण्यास सांगून मोबदल्यात विक्रीसाठी मदत देऊ केल्याचे उघड झाले. कंपनीने ती चूक मान्य केली. स्वीडनचे मत बाद झाले. कागदोपत्री कारण मात्र दिले गेले, एका सदस्याने एकाहून अधिक वेळा मत दिल्याचे! नॉर्वेत समितीतील बहुतेकांचा विरोध असताना होकार कळवला गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये तेथील २३ पैकी १३ सदस्यांनी राजीनामे दिले.

एप्रिल २००८ मध्ये ओओएक्सएमएल मंजूर झाला. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांनी अपील केले; ते ऑगस्टमध्ये फेटाळले गेले. गंमत अशी की, या मानकाच्या कडक रूपात फाईल लिहिण्याची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसमध्ये २०१३ च्या आवृत्तीत आली.

भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. आमचे कर्वेनगरचे बांधव आता गिऱ्हाइकाला सांगतात, “छपाईला पीडीएफच आणा.” पीडीएफही मुळात अडोबी कंपनीचाच, पण २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला, आणि त्यांच्या दुकानातल्या सर्वांत जुन्या मशीनवरही तो उघडतो.