रुजवातीचे दफ्तर

जुन्या कचेरीत नक्कल उतरून झाली की ती अस्सल कागदाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहण्याचा परिपाठ असे, त्याला रुजवात म्हणत. आणि वनस्पतिपेशीतील तंतुकणिकेच्या, म्हणजे ज्याच्या ठायी श्वसनाची ऊर्जा सिद्ध होते त्या पेशी-अंगकाच्या, आनुवंशिक दफ्तराचा, म्हणजे त्यातील डीएनएचा, परिचय करून द्यावयाचा तर याच शब्दापासून आरंभ करणे मला उचित वाटते.

मानवी तंतुकणिकेचे दफ्तर अवघे १६,५६९ अक्षरांचे. अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील चिमुकल्या तणाचे सुमारे ३,६७,००० अक्षरांचे. इतका पसारा असूनही जनुकांतील अक्षरे युगानुयुगे जवळजवळ अबाधित राहतात, ही मला या विषयातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट वाटते.

ही रुजवात कोण करते, याचा माग एका रोपापासून लागला. १९७३ साली संशोधक जॉर्ज रेडेई यांनी या तणाचे एक विकृत रोप वर्णिले. त्याच्या हिरव्या पात्यांवर पांढरट-पिवळे चट्टे होते; आणि पेशीकेंद्रातील बिघडलेल्या जनुकाच्या जागी निरोगी जनुक परत आले, तरी ते चट्टे मातेकडून संततीकडे उतरतच राहत. २००३ साली ते जनुक ओळखले गेले. एमएसएच१ हे त्याचे नाव. त्याच्या प्रथिनाचे एक अंग विजोड अक्षर हेरणाऱ्या प्रथिनांच्या घराण्यातले आहे, तर दुसरे कात्रीसारखे. चुकीच्या जागी डीएनएचे दोन्ही धागे कापले जावेत आणि शेजारच्या शाबूत प्रतीवरून तेवढा मजकूर पुन्हा उतरून घेतला जावा, अशी ही व्यवस्था असल्याचे मानले जाते. दोहोंपैकी खोटा धागा कोणता, हा तंटाच मग उरत नाही.

परंतु प्रत शोधता शोधता सारखा दिसणारा भलताच मजकूर हाती लागला, तर पाने अन्यत्र शिवली जातात. पामर आणि शील्ड्स या संशोधकांनी १९८४ साली एका मोहरीवर्गीय वनस्पतीत २,१८,००० अक्षरांचे वर्तुळ दोन समान परिच्छेदांपाशी विभागून १,३५,००० आणि ८३,००० अक्षरांची दोन वर्तुळे होतात, असे दाखविले. बेरीज चोख जुळते. अक्षरे तीच, बांधणी निराळी! लहान परिच्छेदांतील असल्या सोयरिकींना आळा घालणे हेही एमएसएच१चेच काम.

जेथे हा आळा पुरा पडला नाही, तेथे तुकडे जुळून नवेच जनुक उपजते. टेक्सास मक्यातील टी-यूआरएफ१३ हे असेच. त्याच्यामुळे तुऱ्यात सकस पराग धरत नाही, म्हणजे तुरे हातांनी खुडण्याची गरज उरत नाही, म्हणून संकरित बियाणे करणाऱ्यांना तो मका फार सोयीचा वाटला आणि अमेरिकेत शेतेच्या शेते त्याने व्यापली. त्याच जनुकाच्या प्रथिनामुळे तो मका एका बुरशीच्या विषालाही बळी पडे. १९७० साली त्या बुरशीचा करपा पसरला, देशाच्या मका-पिकाचा सुमारे १५ टक्के हिस्सा गेला, आणि बियाण्याच्या शेतांत तुरे हातांनी खुडणारे मजूर पुन्हा उतरले.