नवं घर घेताना आधी भिंतीला हात लावा

पाऊस सरला की रत्नागिरीत माणसं घरं बघायला निघतात. नाचणे, कुवारबाव, खेडशी, मिरजोळे, जिकडे जावं तिकडे नव्या इमारतींच्या पाट्या लागलेल्या. आपल्या वाडीवस्तीतली नोकरदार पोरंपोरी आता बँकेत कर्जाची चौकशी करतात, याचा आम्हाला आनंदच आहे. फक्त घरातलं सगळं बोलणं फरशी, पार्किंग आणि हप्ता यांच्याभोवती फिरतं. वॉर्डात आणि वस्तीत आमची वीसेक वर्षं गेली. आम्हाला विचाराल, तर नव्या घराचा फायदा छातीत, झोपेत आणि संडासात मोजावा. तो मिळत असेल तरच जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे.

आधी ओलीचं बघू, कारण आपल्या भागात निम्मी दुखणी तिथून सुरू होतात. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. आपला चिरा भोकाभोकांचा दगड. जुन्या घराच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसला की तो जमिनीतलं पाणी वर ओढतो. मग कपाटामागे बुरशी, गादीला वास, आणि त्याच भिंतीला टेकून झोपणारं दम्याचं पोर. औषध बदललं, पंप दिला, तरी भिंत तीच. नीट बांधलेल्या नव्या घरात जोत्यावर ओल अडवणारा थर असतो, बाहेरून गिलावा असतो, स्लॅबवर पाणी न झिरपण्याची सोय असते. अशा घरात पोराची छाती पावसाळाभर कमी वाजते.

पण नवं म्हणजे कोरडं, असं धरून चालू नका. गिलाव्यातलं आणि काँक्रीटमधलं पाणी सुकायला महिने लागतात. खारी वाळू न धुता वापरली तर आतली सळई गंजते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात. म्हणून दिवाळीत घर बघितलं तरी निर्णय घाईने करू नका. त्याच बिल्डरची आधीची इमारत जुलै-ऑगस्टमध्ये बघून या. वरच्या मजल्याच्या छताचे कोपरे, खिडकीखालचा भाग, बाथरूमच्या मागची भिंत, तिन्हीला तळहात लावा. रंग ताजा असला तरी हाताला गारवा कळतो.

दुसरी गोष्ट हवा. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. कोंदट खोलीत एक खोकला तर सगळं घर धोक्यात. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा सांगितली आहे, आणि त्यात दार धरत नाहीत. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला २० चौरस फूट. आता गंमत बघा, सरकत्या काचेची खिडकी अर्धीच उघडते. ४ बाय ४ ची खिडकी दिसायला मोठी, पण हवा येते ८ चौरस फुटांतून. बिल्डरला विचारायचं, कब्ज्याच्या पल्ल्यांची खिडकी देता का? आणि समोरासमोर दोन खिडक्या आहेत का, हे टेप न लावताही दिसतं.

धुराचं सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फ्लॅटमध्ये चूल सुटते, आयांचे डोळे आणि फुप्फुसं वाचतात, हा मोठाच फायदा. मात्र आंघोळीचं पाणी तापवायला बंद बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवला की नवा धोका घरात येतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेरच, मोकळ्या हवेत बसवायचा. यात तडजोड नाही.

विंचू, फुरसं आणि मण्यार हेही कोकणातल्या घराचेच रोग म्हणायला हवेत. दगडांच्या फटी, लाकडांचा ढीग, जमिनीवरची झोप. शेजारच्या रायगडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला आणि असंख्य जीव वाचले. तरी दंश न होणंच बरं. गुळगुळीत गिलावा, बंद होणारी दारं आणि पलंग एवढ्यानेही धोका बराच कमी होतो. उंदीर कमी झाले की लेप्टोची भीतीही उतरते. लहान पोरं भिंतीचे पोपडे तोंडात घालतात, तिथेही नवं घर उजवं. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. जुन्या रंगाला असा धाक नव्हता.

संडासाबद्दल आम्ही मोकळेपणाने बोलतो. बाहेर जायला लागतं म्हणून आपल्या बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, मग जळजळ आणि ताप घेऊन दवाखान्यात येतात. घरातला संडास हे यावरचं खरं औषध. घरात म्हातारी माणसं असतील तर एक संडास खुर्चीचा, शेजारी धरायला दांडा आणि खरबरीत लादी मागून घ्या. चकचकीत लादीवर घसरून खुबा मोडला की हप्त्याबरोबर ऑपरेशनचाही खर्च. संडासाची टाकी विहिरीपासून किंवा बोअरपासून किती लांब आहे तेही बघा, कारण जांभ्यातून पाणी झिरपत दूरवर जातं. आणि मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येतं, हे शेजारच्या इमारतीतल्या बाईला विचारा. बिल्डरला विचारून उपयोग नाही.

या सगळ्याच्या आधी जागा. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं. त्याच दिवसांत खेड तालुक्यातल्या पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळून आपली माणसं मातीखाली गेली. डोंगर कापून, ओढा वळवून उभं राहिलेलं घर कितीही नवं असलं तरी आम्ही ते घ्या म्हणणार नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. महारेराचा नोंदणी क्रमांक तपासा. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, बिल्डरला ती मागता येत नाही. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर कळवल्यावर ३० दिवसांत तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. गळती दिसली की फोटो काढा, लेखी पत्र द्या, पोच घ्या. आपल्याकडे छोट्या इमारती पुष्कळ. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा ८ घरांपर्यंतचे प्रकल्प या नोंदणीतून सुटतात, तिथे भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय सामान हलवू नका.

आणखी एक फायदा जाहिरातीत लिहीत नाहीत. जुन्या सोसायटीत घर विचारायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग मटण शिजतं का विचारतात, मग घर ‘आत्ताच गेलं’ असतं. हे आम्हीही ऐकलं आहे. नव्या इमारतीत सगळेच एकदम येतात, सोसायटी स्थापन होताना आपणही पहिल्या सभासदांत असतो. अपमान गिळत जगणाऱ्याचा रक्तदाब आम्ही मोजलेला आहे, म्हणून हे आरोग्याच्या पानावर लिहितो. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तीही घ्या. नाव तिचं असलं की रात्री-अपरात्री घराबाहेर काढायची धमकी तिला कोणी देत नाही.

हप्त्याचा हिशोब मात्र ताटापासून करा. दूध, डाळ, अंडी, म्हाताऱ्यांच्या साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या आधी बाजूला काढा. उरलेल्यात हप्ता बसत नसेल तर लहान घर घ्या किंवा दोन वर्षं थांबा. हप्त्यासाठी गोळ्या एकाआड एक दिवस घेणारे पेशंट आम्ही पाहिले आहेत.

ज्यांना विकत घेणं जमत नाही, पण गावात स्वतःची जागा आहे, त्यांनी रमाई आवास योजनेचा अर्ज करावा. दापोलीजवळच्या वणंदच्या लेकीचं नाव त्या योजनेला आहे आणि ती अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच आहे. गावात पंचायत समितीत आणि शहरात नगर परिषदेत चौकशी होते. बांधताना गवंड्याला तीन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: जोतं पावसाच्या पाण्याच्या वर, ओल अडवणारा थर भिंत उचलण्याआधी, आणि स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या. भिंत उभी राहिल्यावर थर घालता येत नाही.