काउन्सेलरचा पगार कोण देतं?

ठाण्याच्या पुढे जाणाऱ्या लोकलमध्ये दारालगतच्या पत्र्यावर एखादं स्टिकर हमखास दिसायचं: शिक्षण अर्धवट राहिलं? घरबसल्या पदवी मिळवा. खाली मोबाइल नंबर. आता ते स्टिकर फोनच्या पडद्यावर आलं आहे आणि बरंच देखणं झालं आहे. रात्री जेवणं आटोपल्यावर कुणी ‘ऑनलाइन एमबीए’ असं शोधतं. दहा विद्यापीठांची तुलना करून देणारी एक वेबसाइट उघडते. ती नाव, गाव, फोन नंबर मागते आणि मोफत समुपदेशन देऊ करते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू होतात. पलीकडचा आवाज आर्जवी असतो आणि हुद्दा असतो ‘सीनियर अ‍ॅकॅडमिक काउन्सेलर’. दहाव्या मिनिटाला कळतं, की स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे आणि थोडी रक्कम भरून सीट ब्लॉक करता येईल.

या बोलण्यात एक प्रश्न राहून जातो. तो विद्यार्थ्याने स्वतःच विचारायला हवा: तुम्हाला पैसे कोण देतं?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: प्रवेश झाला की विद्यापीठ किंवा त्याच्यासाठी काम करणारी कंपनी. त्या धंद्याच्या भाषेत आपला फोन नंबर म्हणजे ‘लीड’. टेलिकॉलरला महिन्याचं टार्गेट असतं, प्रत्येक प्रवेशामागे काही रक्कम ठरलेली असते. असं काम करणारी माणसं वाईट असतात असं मुळीच नाही. पण ज्या विद्यापीठाशी त्यांचा करार नाही, ते तुमच्यासाठी कितीही योग्य असलं तरी त्यांच्या यादीत येत नाही. त्यामुळे सरकारी मुक्त विद्यापीठांचं नाव या फोनवर क्वचितच निघतं. दुकानदार आपल्या फळीवरचा माल दाखवणार, हे समजून घेतलं की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी उभा राहिला. तिथे १९९२ मध्ये कायद्यानेच बंदी आली. विद्यार्थ्यांसाठी सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या संस्थांनी प्रवेशाच्या संख्येवर भरतीवाल्यांना कमिशन द्यायचं नाही, असा तो नियम. पुढे २०११ च्या एका सरकारी खुलाशाने त्यात वाट काढून दिली. भरतीबरोबर इतर सेवाही पुरवणाऱ्या कंपनीला फीमधला वाटा देता येऊ लागला आणि ऑनलाइन पदव्या चालवून देणाऱ्या कंपन्या फोफावल्या. काही करारांत फीचा निम्मा किंवा त्याहून मोठा हिस्सा कंपनीकडे जाई. त्याच देशात १९७६ पासून स्वतंत्र शैक्षणिक सल्लागारांची एक संघटना आहे. विद्यार्थी पाठवल्याबद्दल कुठल्याही संस्थेकडून मोबदला घ्यायचा नाही, ही तिच्या सदस्यांची आचारसंहिता. फी घ्यायची ती विद्यार्थ्याच्या कुटुंबाकडूनच.

आपल्याकडे सल्लागाराच्या धंद्याला परवाना लागत नाही. कुणीही गाळा घेऊन पाटी लावू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली, पण त्यातल्या ‘कोचिंग’च्या व्याख्येतून समुपदेशन वगळलं आहे. ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार उरतो खरा. मात्र त्यासाठी हातात पावती आणि लेखी शब्द लागतो, आणि फोनवरच्या गोड बोलण्याची पावती मिळत नाही.

मग पैसे मोजून सल्लागार करावा का? काही लोकांनी जरूर करावा. ज्याला दहा वर्षांच्या नोकरीनंतर क्षेत्र बदलायचं आहे, जिला मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामावर जायचं आहे, ज्याच्या घरात पदवी घेणारा तोच पहिला आहे, त्यांच्यासाठी जाणकार माणसाबरोबरचे दोन तास मोलाचे असतात. एकच अट: त्याची फी आपण द्यायची, आणि तो दुसऱ्या कुणाकडून काही घेत नाही हे त्याने कागदावर लिहून द्यायचं. लिहून द्यायला तो कां-कूं करत असेल, तर तिथूनच नमस्कार करून निघावं.

चांगला सल्लागार विद्यापीठांच्या नावांपासून सुरुवात करत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, पदवी कशासाठी हवी? चाकणच्या कारखान्यात काम करणारा, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला एक तरुण डोळ्यांसमोर आणा. शिफ्ट बदलती, लग्न ठरलेलं, आणि इंजिनीअरच्या जागेसाठी बी.ई. किंवा बी.टेक. हवं. कमिशनवर काम करणारा त्याला म्हणेल, ‘डिस्टन्सने करून टाका, कॉलेजला जायची गरज नाही.’ खरा सल्लागार पहिल्या पाच मिनिटांत सांगेल, की अभियांत्रिकीची पदवी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या नियमांत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या, वास्तुकला आणि कायदा यांनाही ती वाट बंद आहे. मग तो दुसरी वाट दाखवेल. २०२३-२४ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, कॉलेजांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकीचे वर्ग चालवायची परवानगी दिली आहे. कारखान्यापासून जवळच्या कुठल्या कॉलेजात ते चालतात, शिफ्टशी वेळ जुळते का, हे शोधणं हे त्याचं काम.

ही पाच मिनिटं न मिळणं किती महाग पडू शकतं, ते ३ नोव्हेंबर २०१७ ला देशाने पाहिलं. सर्वोच्च न्यायालयात न्या. आदर्श गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने त्या दिवशी चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत निकाल दिला. या अभ्यासक्रमांना आवश्यक ती परवानगीच नव्हती. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्या टिकवण्यासाठी एआयसीटीईच्या देखरेखीखाली परीक्षा द्यायला सांगण्यात आलं. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या पदवीवर बढती घेतलेली, त्या पगारावर गृहकर्ज काढलेली माणसं चाळिशीच्या आसपास पुन्हा परीक्षेच्या अभ्यासाला बसली. फी भरताना त्यांच्यापैकी कितीजणांना कुणी सांगितलं असेल, की परवानगीचा कागद दाखवायला सांगा?

नियम बदलतातही, आणि सल्लागाराला ते ठाऊक हवेत. मानसशास्त्राचंच घ्या. वर्षानुवर्षं गृहिणी, शिक्षक, सामाजिक कार्यकर्ते दूरशिक्षणाने मानसशास्त्राची एम.ए. करत आले. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषण अशा आरोग्याशी निगडित विषयांचे नवे प्रवेश दूर आणि ऑनलाइन पद्धतीत थांबवले. बी.ए.सारख्या पदवीत अनेक विषयांपैकी एक मानसशास्त्र असेल, तर तेवढाच विषय गळतो. जुनं माहितीपत्रक हाती देऊन प्रवेश घ्यायला लावणारा माणूस इथे विद्यार्थ्याची दोन-तीन वर्षं वाया घालवू शकतो.

उलट बाजूही नीट सांगायला हवी, कारण भीतीपोटी चांगली संधी सोडणारेही पुष्कळ आहेत. मान्यताप्राप्त संस्थेची, रीतसर मंजूर ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षापासून एक पदवी कॉलेजात जाऊन आणि दुसरी ऑनलाइन अशा दोन पदव्या एकाच वेळी घ्यायलाही मुभा आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बी.एस. अभ्यासक्रम जेईई न देता, आधी चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षेने गाठता येतो. धडे घरी, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन.

सल्लागार असो वा नसो, एक तपासणी प्रत्येकाने स्वतः करावी. तिला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही. यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे ‘डेब’च्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या सत्रवार असतात. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून काम संपत नाही. आपला अभ्यासक्रम, आपलं सत्र आणि पद्धत, ऑनलाइन की दूर, हे तिन्ही जुळायला हवं. याच संकेतस्थळावर विद्यार्थ्याला स्वतःचा डेब-आयडी काढावा लागतो. त्यासाठी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे श्रेयांक साठवणाऱ्या सरकारी डिजिटल खात्याचा, क्रमांक लागतो. ‘तुम्ही ओटीपी सांगा, आम्ही काढून देतो’ असं सल्लागार म्हणाला तरी हे काम आपल्या हाताने करावं. ते करताना यादी डोळ्यांखालून आपोआप जाते.

पद्धतीचा फरक बारीक वाटतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. ऑनलाइन पदवी देशात कुठूनही घेता येते. दूरशिक्षणाला हद्द असते, राज्य विद्यापीठ आपल्या राज्याबाहेर ते चालवू शकत नाही, आणि खासगी विद्यापीठांनाही हद्दीचं बंधन आहे. म्हणून परराज्यातल्या एखाद्या खासगी विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं ‘पुणे सेंटर’ एखाद्या कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर दिसलं, तर थांबून विचारावं. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी फ्रँचायझी देण्यालाच मनाई केली आहे. परदेशी विद्यापीठांच्या नावाने एडटेक कंपन्या विकत असलेल्या ऑनलाइन पीएच.डी.ला भुलू नका, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला होता.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. नियमानुसार पदवीपत्राच्या आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची आणि पूर्ण केल्याची तारीख, परीक्षा केंद्राचं नाव-पत्ता हे सगळं छापावं लागतं. ‘सर्टिफिकेटवर डिस्टन्स असं कुठेच येत नाही’ असं आश्वासन देणारा खोटं बोलतो आहे, किंवा त्याचा कागदच खोटा आहे. मागच्या तारखेचा प्रवेश दाखवून ‘एका वर्षात पदवी’ देणाऱ्यांचंही तसंच.

पैशांबद्दल. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून ज्याला फीचा हप्ता समजलं जातं, ते पुष्कळदा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं. कॉलवर दोन ओटीपी दिले की मंजूर. अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते चालू राहतात आणि चुकले तर सिबिल स्कोअर बिघडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जाआधी एक तथ्यपत्रक द्यावं लागतं आणि किमान एक दिवसाची माघारीची मुदत ठेवावी लागते. त्या मुदतीत दंड न भरता कर्ज परत करता येतं. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हेही सही करण्यापूर्वी वाचावं.

पैसे खर्च न करता सल्ला हवा असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची विभागीय केंद्रं मुंबई-पुण्यापासून नांदेड-अमरावतीपर्यंत आहेत आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांत. तिथे सुट्टीच्या दिवशी वर्ग भरतात. रविवारी सकाळी अशा एखाद्या कॉलेजात जावं. बाकांवर पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका, दुकानात काम करणारी मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. मधल्या सुट्टीत त्यांच्याबरोबर चहा घ्यावा आणि विचारावं, पुस्तकं वेळेवर आली का, मागच्या सत्राचा निकाल किती दिवसांनी लागला, गुणपत्रिकेत नाव चुकलं तेव्हा दुरुस्तीला किती खेपा पडल्या, आणि कामावरून दमून आल्यावर रात्री अभ्यासाला किती वेळ मिळतो.